डॉक्टर जेम्स नेस्मिथ : एका शिक्षकाचें दीर्घ आयुष्य

शिक्षकाची योग्यता कशावरून ठरवावी, हा प्रश्न जितका जुना तितकाच अवघड आहे. किती विद्यार्थी परीक्षेंत उतरले, संघानें किती सामने जिंकले, हीं मापें सोपीं आहेत, आणि म्हणूनच लोक तीं हातीं घेतात. परंतु ज्या पुरुषाच्या चरित्राची ओळख आम्ही ह्या स्मरणिकेच्या द्वारें आमच्या धर्मग्रामांतील बंधुभगिनींस करून देणार आहों, त्यास हें माप लावलें तर तो सपशेल नापास ठरतो. डॉक्टर जेम्स नेस्मिथ हे अमेरिकेंतील कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे नऊ हंगाम शिक्षक होते. तेवढ्या अवधींत त्या संघानें ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. नवल हें कीं, ज्या खेळांत त्यांच्या पदरीं जयापेक्षां पराजय अधिक आले, तो खेळ त्यांनींच निर्माण केलेला होता.

जेम्स यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं कॅनडांतील आँटेरिओ प्रांतीं, आल्माँट गांवानजीक झाला. आईबाप स्कॉटलंडांतून आलेले, कष्टाळू व धर्मभीरु. १८७० सालीं विषमज्वरानें दोघांवरहि घाला घातला, आणि वयाचीं नऊ वर्षें पुरीं होतात न होतात तोंच हें मूल पोरकें झालें. आजीनें व त्यानंतर पीटर यंग नांवाच्या अविवाहित मामानें जेम्स व त्यांच्या भावंडांस संभाळलें. मामाची शिस्त कडक होती. शेतीचीं कामें मुलांस लहानपणींच करावीं लागत. पुढें जेम्स यांनीं शाळा सोडली आणि कांहीं वर्षें रानांत लाकूडतोड्याचें काम केलें. पण हातांत कुऱ्हाड असतांना मन स्वस्थ बसेना. वयानें बरेच मोठे झाल्यावर ते आपल्याहून लहान मुलांच्या शेजारीं पुन्हां बाकावर जाऊन बसले. ही लाज ज्यानें गिळली, त्यास विद्येची किंमत निराळी शिकवावी लागत नाहीं.

१८८३ सालीं ते माँट्रिअल येथील मॅकगिल विद्यापीठांत दाखल झाले व १८८७ सालीं पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनीं तेथील प्रेस्बिटेरियन कॉलेजांत धर्मशास्त्राचा अभ्यास १८९० सालीं पुरा केला. त्यांचा पंथ आमच्याहून वेगळा होता. तथापि जो प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला, तो कोणाहि श्रद्धावंताचा आहे. अंगीं बळ होतें, खेळाची आवड होती, आणि धर्मसेवेची तळमळहि होती. त्या काळीं खेळ म्हणजे उनाडांचा उद्योग, अशी पुष्कळ धार्मिक लोकांची समजूत असे. तरुण नेस्मिथ यांस मात्र असें वाटूं लागलें कीं, व्यासपीठावरून ज्या मुलांपर्यंत शब्द पोंचत नाहीं, त्यांच्यापर्यंत क्रीडांगणावरून पोंचतां येईल. घरच्या माणसांस ही निवड रुचली नाहीं. तरीहि १८९० सालीं ते अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणसंस्थेंत गेले.

तेथें त्यांच्या वांट्यास अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग आला. हिंवाळ्यांत बाहेर बर्फ पडलेला असे, आणि आंत तीच तीच कवाईत करून हे तरुण कंटाळून गेले होते. संस्थेंतील शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख डॉक्टर ल्यूथर गुलिक यांनीं नेस्मिथ यांस चौदा दिवसांची मुदत देऊन घरांत खेळतां येईल असा नवा खेळ शोधण्यास सांगितलें. नेस्मिथ यांनीं प्रथम जुने मैदानी खेळ आंत आणून पाहिले. तेथें धक्काबुक्कीशिवाय दुसरें कांहीं निष्पन्न होईना. तेव्हां ते विचार करूं लागले. धसमुसळेपणा होतो कोठून? चेंडू घेऊन धांवणाऱ्यास अडविण्यांतून. मग चेंडू हातीं घेऊन धांवूंच नये, असा नियम केला. चेंडू जोरानें फेंकण्याचा मोह होतो कां? लक्ष्य समोर उभें असतें म्हणून. मग लक्ष्य डोक्याच्या वर, आडवें ठेवलें, म्हणजे बळापेक्षां नेमकेपणास मान मिळेल. बालपणीं ते खडकावर ठेवलेला धोंडा दुसऱ्या धोंड्यानें पाडण्याचा खेळ खेळत. त्यांत हलकेच उंच फेंकणारा अधिक यशस्वी होई, ही आठवण येथें कामास आली.

इमारतीची देखरेख करणाऱ्या गृहस्थाकडे त्यांनीं दोन खोकीं मागितलीं. खोकीं नव्हतीं, त्यानें पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या गॅलरीच्या कठड्यास दहा फूट उंचीवर ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले, आणि डिसेंबर १८९१ मध्यें नऊ-नऊ जणांचा पहिला सामना झाला. सबंध सामन्यांत एकच गोल झाला. परंतु वर्गांतील कुरकूर थांबली. त्या अठरांत जपानचा एक विद्यार्थीहि होता. हे विद्यार्थी व त्यांच्या मागून आलेले दुसरे शिक्षक जेथें जेथें गेले, तेथें हा खेळ गेला. आपल्या देशांतहि वाय. एम. सी. ए.च्या द्वारेंच तो रुजला. १९२० सालीं हॅरी क्रो बक यांनीं मद्रास येथें काढलेल्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यालयाचा त्यांत मोठा वांटा आहे. नेस्मिथ यांनीं ह्या खेळाचा हक्क स्वतःच्या नांवें करून घेतला नाहीं, कीं त्यावर द्रव्य मिळविलें नाहीं.

त्यांचें घरहि एका अर्थीं ह्याच खेळानें वसविलें. जवळच्या शाळेंतील शिक्षिका सामने पाहावयास येत आणि पुढें स्वतः खेळूं लागल्या. पहिल्या पहिल्या महिला खेळाडूंत मॉड शर्मन ही तरुणी होती. तिच्याशीं त्यांचा विवाह १८९४ सालीं झाला. त्यांस पांच मुलें झालीं. पुढें एका दुखण्यानंतर मॉडबाईंचें ऐकूं येणें मंदावलें. ह्या जोडप्याचा संसार चाळीस वर्षांहून अधिक काळ, १९३७ सालीं मॉडबाई वारल्या तोंपर्यंत, टिकला. विवाहानंतर डेन्व्हर येथें नोकरी संभाळून नेस्मिथ यांनीं वैद्यकीचा अभ्यास केला व १८९८ सालीं ते डॉक्टर झाले. त्याच वर्षीं ते कॅन्सस विद्यापीठांत रुजू झाले आणि १९३७ पर्यंत तेथेंच शिकवीत राहिले. पहिल्या महायुद्धाच्या काळीं पन्नाशी उलटलेली असतांहि ते प्रथम मेक्सिकोच्या सीमेवर पलटणीचे धर्मगुरु म्हणून आणि मग फ्रान्समध्यें सैनिकांच्या सेवेसाठीं गेले. तेवढा सर्व काळ घर मॉडबाईंनीं एकटीनें चालविलें, हें सांगितल्यावांचून हें चरित्र अपुरें राहील.

आतां एक गोष्ट अशी सांगतों कीं, जींत ह्या शिक्षकाची खरी परीक्षा झाली. १९३३ सालीं जॉन मॅक्लेंडन नांवाचा कृष्णवर्णीय तरुण कॅन्ससला शारीरिक शिक्षण शिकावयास आला. वर्णभेदामुळें त्यास विद्यापीठाच्या संघांत खेळण्याची मनाई होती. सत्तरी ओलांडलेल्या नेस्मिथ यांनीं त्यास आपल्या पंखाखालीं घेतलें, त्याच्या शिक्षणाची काळजी वाहिली, आणि आपल्याजवळचें ज्ञान त्यास मोकळ्या हातानें दिलें. संघाचें दार त्यांस उघडतां आलें नाहीं. पण जें दार त्यांच्या स्वाधीन होतें, तें त्यांनीं बंद ठेविलें नाहीं. हाच मॅक्लेंडन पुढें नामांकित शिक्षक झाला व १९५७ ते १९५९ अशीं लागोपाठ तीन वर्षें त्याच्या टेनेसी स्टेटच्या संघानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. नेस्मिथ यांच्या मागून कॅन्ससचा संघ चालविणारे फॉग ॲलन हेहि त्यांचेच शिष्य. त्यांची कीर्ति गुरूपेक्षां कितीतरी वाढली, आणि गुरूस त्याचा विषाद कधीं वाटला नाहीं.

१९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. अमेरिकेंतील बास्केटबॉल शिक्षकांच्या संघटनेनें निधि जमवून ह्या वृद्ध गृहस्थास तेथें पाठविलें. अंतिम सामना भर पावसांत, चिखलानें भरलेल्या मैदानावर झाला व अमेरिकेनें कॅनडास १९ विरुद्ध ८ असें हरविलें. एक त्यांची जन्मभूमि, दुसरी कर्मभूमि! टोपल्यांच्या खेळास सारें जग खेळतांना पाहण्याचें भाग्य त्यांस लाभलें. १९३९ सालीं त्यांनीं पुनर्विवाह केला, आणि त्याच वर्षीं २८ नोव्हेंबर रोजीं लॉरेन्स गांवीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, ते परलोकवासी झाले.

आमच्या शाळांच्या आवारांत आज मुलें-मुली चेंडू टोपलींत टाकण्यासाठीं उड्या मारतात. त्यांच्या आईबापांस व शिक्षकांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, संघ हरला म्हणून मूल हरलें असें समजूं नये. नियम पाळावयास, हार सोसावयास आणि बाहेर ठेवलेल्यास जवळ घ्यावयास जो शिकवितो, त्याच्या श्रमाचा हिशेब सामन्यांच्या फळ्यावर मांडतां येत नाहीं. तो हिशेब परमेश्वराच्या वहींत लिहिला जातो, आणि तेथें डॉक्टर नेस्मिथ यांच्या नांवापुढें साठ पराजय लिहिलेले असतील, असें आम्हांस वाटत नाहीं.