ज्ञानदेवांचा सखा

छत्रपती संभाजीनगर शहरात गारखेडा नावाचा भाग आहे. एके काळी ते एक लहानसे खेडे होते. पुढे वाढत्या शहराने त्यास आपल्या कुशीत घेतले. येथील शाळांतील मुलांना एका दिवसात पाहून परत येता येईल अशी तीन स्थळे जवळपास आहेत. वायव्येस देवगिरीचा किल्ला, दक्षिणेस गोदावरीच्या काठचे पैठण, आणि नगरच्या वाटेवरचे प्रवरेच्या काठचे नेवासे. तेराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीवर यादव राजा रामदेवराव राज्य करीत होता. त्याच काळात आळंदीची चार पोरकी भावंडे शुद्धिपत्र मागण्यासाठी पैठणच्या विद्वानांपुढे उभी राहिली. आणि त्यांतील दुसऱ्या भावाने, ज्ञानदेवांनी, इ. स. १२९० मध्ये नेवाशास गीतेचा अर्थ मराठीत सांगितला.

इ. स. १२९६ हे वर्ष महाराष्ट्राला फार कठीण गेले. त्या वर्षी अल्लाउद्दीन खिलजीची फौज देवगिरीवर चालून आली आणि यादवांचे वैभव लुटले गेले. त्याच वर्षी कार्तिक महिन्यात, इंद्रायणीच्या काठी आळंदीस, अवघ्या एकवीस वर्षांच्या ज्ञानदेवांनी समाधी घेतली. देवगिरीची लूट बखरकारांनी लिहून ठेवली. आळंदीचा तो दिवस मात्र एका मित्राने आपल्या आसवांनी लिहून ठेवला. तो मित्र म्हणजे संत नामदेव.

नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मधला. मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे त्यांचे जन्मगाव मानतात. वडिलांचे नाव दामाशेटी व आईचे गोणाई. घरचा धंदा शिंप्याचा. बाळपण पंढरपुरात गेले. एकदा दामाशेटी परगावी गेले असता देवाला नैवेद्य नेण्याचे काम लहानग्या नाम्याकडे आले. त्याने ताट विठ्ठलापुढे ठेवले आणि देव कधी जेवतो याची वाट पाहत बसला. देव काही हात हलवीना. तेव्हा आपल्या हातून काही चुकले असावे, म्हणून देव रुसला आहे, असे समजून तो बालक रडू लागला व हट्टाला पेटला. शेवटी देवाला जेवावेच लागले, अशी कथा आहे. ही कथा ऐकून आपणांस हसू येते. पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याशी भांडण्याचा हक्कही आपला असतो, हे नामदेव त्या वयातच शिकले.

त्यांचे घर मोठे गंमतीचे होते. पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा व म्हादा हे चार पुत्र, मुलगी लिंबाई, आणि गंगाखेडहून आलेली दासी जनाबाई, अशी माणसे त्या घरात वावरत. घरातील बहुतेकांच्या नावावर अभंग आहेत. राजाईच्या नावावरचे अभंग तर तक्रारीचेच आहेत. धनी दिवसभर देवळात बसतात, घरात दाणा नाही, मुलांच्या अंगावर वस्त्र नाही, असे गाऱ्हाणे ती रखुमाईपुढे मांडते. सुईदोरा हाती घेऊन जगणाऱ्या माणसाच्या घरी कपड्यांचीच वाण पडावी, हा विनोद त्या माउलीच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नसेल.

नामदेव आणि ज्ञानदेव यांची गाठ पडली ती ऐन तारुण्यात. नामदेव पाच वर्षांनी वडील. तथापि ज्ञानाने ज्ञानदेव मोठे होते. या भेटीची एक हकीकत तेर गावी सांगतात. गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. कोपऱ्यात मडकी थापण्याचे थापटणे पडले होते. ते कशासाठी, असे मुक्ताबाईंनी विचारले. मडके कच्चे की पक्के हे यावरून कळते, असे गोरोबांनी सांगितले. तेव्हा आम्हीही मातीचीच मडकी आहोत, आमची परीक्षा करा, असे त्या खट्याळ मुलीने सुचविले. गोरोबाकाका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत निघाले. सगळे मुकाट्याने बसले. नामदेवांना मात्र ही थट्टा सोसवली नाही. ते रागावले, आणि हे एकच मडके कच्चे राहिले, असा गोरोबांनी निवाडा दिला. सारी मंडळी हसली. नामदेव तडक पंढरपुरास गेले व विठ्ठलाकडे त्यांनी सर्वांची फिर्याद केली. पण देवानेही गोरोबांचीच बाजू घेतली आणि गुरू करण्यास सांगितले.

गुरू मिळाले ते औंढा नागनाथ येथे. विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजले होते. हा अनाचार पाहून नामदेव संतापले. विसोबांनी शांतपणे एवढेच सुचविले की, जेथे देव नाही अशी जागा शोधून तेथे आपले पाय उचलून ठेवावेत. नामदेवांनी पुष्कळ शोध केला. पण देव नसलेली जागा त्यांस सापडली नाही. कच्चे मडके त्या दिवशी भाजून निघाले. पुढे ज्ञानदेवांच्या वियोगात हाच धडा त्यांच्या उपयोगी पडावयाचा होता.

यानंतर दोघे मित्र तीर्थयात्रेस निघाले. विठ्ठलास सोडून जाताना नामदेवांचा पाय निघेना. मारवाडच्या वाळवंटात दोघांनाही तहान लागली. विहीर सापडली, पण पाणी फार खोल. ज्ञानदेवांनी योगबळाने सूक्ष्म रूप घेतले व तळाशी जाऊन पाणी पिऊन आले. मित्रासाठीही पाणी आणून देण्याची त्यांची तयारी होती. नामदेवांपाशी योगबळ नव्हते. त्यांनी विठ्ठलाचा धावा केला, आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. ही कथा आपण चमत्कार म्हणून मानावी किंवा न मानावी. तिच्यातील मर्म ध्यानात घ्यावे. एकाकडे ज्ञान, दुसऱ्याकडे प्रेम. दोघांच्या वाटा निराळ्या, पण तहान एकच. आणि मित्राची वाट आपल्या वाटेहून वेगळी आहे याचा दोघांनाही आनंदच वाटला.

यात्रा संपवून ते परतले, आणि थोड्याच काळाने ज्ञानदेवांनी समाधीचा निश्चय सांगितला. नामदेव आळंदीस गेले. समाधीची जागा त्यांच्याच चार मुलांनी झाडून स्वच्छ केली, असे परंपरा सांगते. तुळस, बेल व दर्भ अंथरला गेला. निवृत्तिनाथांसारखे धीराचे बंधू व गुरू, पण त्यांचाही बांध फुटला. ज्ञानदेव आत गेले आणि शिळा लागली.

दुःख एवढ्यावर थांबले नाही. त्यानंतर सोपानदेवांनी सासवडास देह ठेवला. पाठोपाठ इ. स. १२९७ मध्ये तापीच्या तीरावर मुक्ताबाई गेल्या आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ झाले. वर्ष पुरे होण्यापूर्वीच चारही भावंडे दिसेनाशी झाली. ज्या मुक्ताबाईंनी थापटण्याचा खेळ मांडला होता, ज्यांनी चांगदेवांचे कोरे पत्र पाहून, चौदाशे वर्षे जगूनही हा योगी कोराच राहिला, अशी चेष्टा केली होती, त्याही राहिल्या नाहीत. नामदेवांचे वय त्या वेळी सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. ज्ञानदेवांचा सहवास पुन्हा लाभणार नाही, या विचाराने ते कासावीस झाले. हा शोक त्यांनी लपविला नाही. संताने रडू नये, असे त्यांना कधीच वाटले नाही.

मग त्यांनी काय केले? प्रथम, त्यांनी आपल्या मित्राची कथा गाण्यास आरंभ केला. आदी, तीर्थावळी आणि समाधी अशी अभंगांची तीन प्रकरणे नामदेवांच्या नावावर आहेत. ज्ञानदेवांच्या आईबापांची हकीकत, भावंडांचा छळ, यात्रेतील प्रसंग आणि आळंदीचा अखेरचा सोहळा, हे सर्व त्यांत आले आहे. मराठीतील आरंभीच्या चरित्रांत त्यांची गणना होते. ज्ञानदेवांनी स्वतःविषयी फारच थोडे सांगितले. आज आपण त्यांस जिवंत माणसाप्रमाणे ओळखतो, ते बऱ्याच अंशी या शोकाकुल मित्रामुळे. नामदेव केवळ समाधीचा प्रसंग गाऊन थांबले असते, तर आपल्या हाती एक दुःखाची कहाणी राहिली असती. त्यांनी वाटेवरची तहान आणि भरून वाहणारी विहीरही सांगितली. म्हणून आपल्या हाती एक मैत्री राहिली.

दुसरे, त्यांनी कीर्तन सोडले नाही. वाळवंटात टाळ-मृदंगाच्या तालावर नाचत कीर्तन करण्याची रीत वारकऱ्यांनी नामदेवांपासूनच घेतली, असे मानतात. त्या मेळ्यात चोखोबा होते, सावता माळी व नरहरी सोनार यांच्या पंथातील लहानथोर होते. जो तो आपापल्या धंद्यातील शब्द घेऊन गाई. नामदेवांच्या गाण्यात शिंप्याचा गज व कात्री येई, जनाबाईच्या गाण्यात जाते आणि दळण येई. पहाटे जात्यावर बसल्यावर विठ्ठल आपल्याला दळू लागतो, असे ती खुशाल सांगे. घरात शोक असला तरी दळण थांबत नाही, आणि दळताना ओवी आल्यावाचून राहत नाही. हे त्या दासीला पंडितांपेक्षा चांगले ठाऊक होते.

तिसरे, विसोबांनी दिलेली दृष्टी त्यांनी रोजच्या व्यवहारात आणली. एकदा नामदेव भाकरी भाजून ठेवून तूप आणावयास वळले, तोच एका कुत्र्याने भाकरी पळविली. दुसरा कोणी असता तर काठी घेऊन धावला असता. नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. कोरडी भाकरी देवाच्या घशाला लागेल, याची त्यांना काळजी! पुढे कुत्रा, मागे वाटी सावरीत धावणारे नामदेव, असे ते दृश्य पाहून बघ्यांची हसून मुरकुंडी वळली असेल. ज्ञानदेव दिसत नाहीत हे खरे. पण देव नसलेली जागा सापडत नाही हेही खरे. मग प्रेम करावयाचे थांबवावे तरी कोठे?

नामदेवांना दीर्घायुष्य लाभले, आणि दीर्घायुष्याबरोबर मित्रांचे वियोगही आले. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली व चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. नामदेव तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. ते मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यातील अस्थी एकेक उचलून त्यांनी कानाशी धरली, आणि जिच्यातून विठ्ठलाचे नाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून पदरात घेतली, अशी कथा आहे. जातीमुळे ज्यांना जन्मभर देवळाची पायरी चढू दिली नाही, त्या आपल्या मित्राची समाधी नामदेवांनी पंढरपुरास महाद्वारासमोरच बांधविली. पुढे कित्येक शतके ते दार अस्पृश्य मानलेल्या माणसांना बंद राहिले. साने गुरुजींच्या उपोषणानंतर इ. स. १९४७ मध्ये ते उघडले. चोखोबांना आत नेणे नामदेवांच्या हाती नव्हते. पण दारासमोरून त्यांना कोणी हलवू नये, एवढे त्यांनी करून ठेवले.

ज्ञानदेवांबरोबर ज्या उत्तरेची वाट त्यांनी पाहिली होती, त्या वाटेने नामदेव पुन्हा गेले, थेट पंजाबपर्यंत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांनी दीर्घ काळ वास्तव्य केले. तेथील लोकांची भाषा त्यांनी आपलीशी केली व त्या भाषेत पदे रचली. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि पंजाबी माणूस त्यांना भगत नामदेव म्हणून आजही वंदन करतो. इ. स. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमान गावी भरले होते. एका मित्राच्या संगतीत ज्याने पंढरपूर सोडण्यास शिकून घेतले, त्याला पुढे परका मुलूख असा राहिलाच नाही.

इ. स. १३५० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, नामदेवांनी पंढरपुरास देह ठेवला. विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी जी पहिली पायरी आहे तिला नामदेव पायरी म्हणतात. देवाच्या भेटीस जाणाऱ्या संतांचे पाय आपल्याला लागावेत, म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, असे सांगतात. समोरच चोखोबांची समाधी आहे. दोघे मित्र जवळ जवळ आहेत.

मुलांनो, तुम्ही पंढरपुरास जाल तेव्हा ती पायरी अवश्य पाहा. वारकरी तेथे थांबतात, वाकतात आणि तिच्यावर डोके टेकतात. नामदेवांनी लोकांचे पाय मागितले होते. लोक त्यांना आपले मस्तक देतात. जन्मभर देवाकडे हट्ट करून ज्याने सारे मिळविले, त्याचा हा शेवटचा हट्ट मात्र वारकऱ्यांनी पुरा होऊ दिलेला नाही. हे पाहून नामदेव रागावत असतील काय? तेरच्या त्या दिवशी ते रागावले होते खरे; पण तेव्हा ते मडके कच्चे होते.