मुक्या वर्षांचे गाणे

आजारपणाने माणूस खचतो, हे आपण घरोघरी पाहतो. पण अंथरुणावर काढलेल्या वर्षांनी एखाद्या गवयाला नवे गाणे दिले, असे क्वचितच घडते. कुमार गंधर्वांचे चरित्र आठवताना मला त्यांच्या गाजलेल्या मैफलींपेक्षा ही मुकी वर्षेच अधिक मोलाची वाटतात.

८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी गावी जन्मलेल्या या मुलाचे नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो बालवयातच त्या हुबेहूब गाऊन दाखवी. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला एका मठाच्या स्वामींनी दिली. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे रीतसर शिक्षण झाले आणि विशीतच देशभर नाव झाले. १९४७ साली देवधरांच्याच शिष्या भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले.

त्या काळी क्षय म्हटले की घरावर अवकळाच येई. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या आरंभी हे दांपत्य माळव्यातील देवासला आले. डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरली, घर चालवले आणि शुश्रूषाही केली. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध तेव्हा नुकतेच मिळू लागले होते. त्याचा गुण आला.

गळा बंद होता, कान मात्र उघडे होते. लग्नकार्यात, सणावारी माळवी बायका गाणी म्हणत. दारावरून जोगी निर्गुणी भजने गात जात. आमच्या रिठदसारख्या खेड्यात एकतारीवरचे भजन ऐकत जो वाढला, त्याला त्या सुरांची ओढ सांगायला नको. पण आपण ते ऐकतो आणि सोडून देतो. कुमारजींनी ते मनात साठवले. चार-पाच सुरांच्या त्या धुनांत रागांची बीजे आहेत, हे त्यांनी ओळखले.

१९५२-५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले. पूर्वीचा लांब दमसास परत येणार नव्हता. त्यांनी त्याचा हट्टही धरला नाही. छोट्या, टोकदार स्वराकृती आणि मधली अर्थपूर्ण शांतता यांतून त्यांनी वेगळीच गायकी उभी केली. परंपरेला धरून बसलेल्या काहींना ती रुचली नाही. पण मालवती, लगन गांधार, संजारी हे धुनउगम राग आले, 'अनूपरागविलास' हा बंदिशींचा ग्रंथ १९६५ साली निघाला, आणि ध्वनिमुद्रिकांमुळे, आकाशवाणीमुळे त्यांची कबिराची भजने खेड्यापाड्यांत पोचली. १९९० मध्ये पद्मविभूषण मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांनी देह ठेवला.

भानुमतीबाई मात्र १९६१ सालीच, दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी गेल्या. पतीचे गाणे परत आलेले त्यांनी पाहिले. त्याचा पुढचा बहर पाहणे नशिबी नव्हते. पुढे वसुंधराबाईंनी संसाराला आणि मैफलीला साथ दिली. देवासच्या त्या घराचे नाव 'भानुकुल'. कुमारजींची ध्वनिमुद्रिका ऐकताना दोन स्वरांमधली ती शांतता जाणवते, तेव्हा मला वाटते, रसिकांची दाद कुमारजींना मिळाली, पण त्या मुक्या वर्षांत ज्या बाईने घर तोलून धरले, तिचाही त्यात वाटा आहे.