दोन वर्षांच्या लेकीला घेऊन सातासमुद्रापार : पंडिता रमाबाई

आपल्या इंदुरातल्या पुष्कळ मराठी घरांत हल्ली गणपतीची आरती दोन ठिकाणी ऐकू जाते. एक घरातल्या मखरापुढे आणि दुसरी फोनच्या पडद्यावर, परदेशातल्या नातवंडांच्या घरी. आरती संपली की आजी-आजोबांच्या मनात तेच प्रश्न येतात. मुले एवढी लहान असताना परक्या देशात बिऱ्हाड नेले, ते बरे केले का? त्यांची मराठी टिकेल का? ती आपली राहतील का? होळकरांच्या पाठोपाठ नर्मदा ओलांडून माळव्यात आलेल्या आपल्या पूर्वजांनाही हे प्रश्न पडलेच असतील. पण कडेवर मूल घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या एका मराठी बाईने ते 1883 साली एकटीने सोडवायला घेतले होते. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

घर सोडणे रमाबाईंना नवे नव्हते. त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी ते लेकीला दिले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असे. 1870 नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, पायी भटकत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची विद्वत्ता पारखून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

सुख फार दिवस टिकले नाही. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी आणि प्रांतही वेगळा, त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कारच वाट्याला आला. 16 एप्रिल 1881 रोजी मनोरमा जन्मली. ती वर्षाचीही झाली नव्हती तोच, फेब्रुवारी 1882 मध्ये, पटकीने बिपिनबाबूंचा घास घेतला. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या.

मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या स्नेह्यांच्या आधाराने आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची गरज ठामपणे मांडली. मग आपणच वैद्यक शिकावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यासाठी विलायतेला जायला हवे होते. 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्च उभा केला.

20 एप्रिल 1883 रोजी त्यांनी मुंबई सोडली. मनोरमाला दोन वर्षे पूर्ण होऊन अवघे चार दिवस झाले होते. सोबतीला आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. समुद्र ओलांडला की जात जाते, असे मानणारा तो काळ. तशात विधवा बाई, तान्हे लेकरू, इंग्रजीचे ज्ञान जेमतेम आणि तिकडे नात्याचे कोणी नाही. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या ख्रिस्ती भगिनीसंघाच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली होती.

पहिले काही महिने फार जड गेले. आनंदीबाईंनी तिथेच आपले जीवन संपवले. त्या आघाताने रमाबाई खचल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकाचे दारही बंद झाले. सप्टेंबर 1883 मध्ये त्यांनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. ज्यांनी पंडिता म्हणून गौरवले होते, त्यांतले अनेक जण दुरावले. त्या निर्णयाबद्दल आजही मतभेद असू शकतात, पण पुढे जे घडले तेही तितकेच लक्षात ठेवायला हवे.

धर्म बदलला तरी रमाबाईंनी आपली मान दुसऱ्याच्या हाती दिली नाही. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृतही शिकवू लागल्या. शाकाहार अखेरपर्यंत सोडला नाही. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे अनेक वाद झाले, आणि त्यात मनोरमेचा प्रश्नही होता. लेकीला काय शिकवायचे हे कोणी ठरवायचे? मठातील भगिनींनी मुलीला माया लावली होती, ते ऋण रमाबाई मानत. पण मनोरमा इंग्रज मुलीसारखी वाढून आपल्याच देशात परकी ठरावी, आपल्या माणसांपेक्षा स्वतःला वरचढ समजावी, हे त्यांना मान्य नव्हते. आज ना उद्या परतायचे आहे, हे त्या कधी विसरल्या नाहीत.

1886 मध्ये मायलेकी अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाला डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे निमंत्रण होते. तो 11 मार्चला पार पडला. रमाबाई जेमतेम काही आठवड्यांसाठी आल्या होत्या, पण जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. गावोगाव व्याख्याने द्यायची असल्याने लेकीला त्यांनी पुन्हा वाँटेजला पाठवले. पाच वर्षांची मुलगी एका खंडात आणि आई दुसऱ्या. आईच्या कामाची किंमत लेकीनेही मोजली, हे विसरून चालणार नाही.

त्या काळात रमाबाईंनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले, बालवाडीच्या शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि विधवांच्या शाळेसाठी निधी उभारला. बोस्टनला त्यांच्या साह्यासाठी मंडळ स्थापन झाले. अमेरिकेतील लोकजीवनाचे वर्णन मात्र त्यांनी आपल्या लोकांसाठी मराठीत लिहिले.

1889 च्या आरंभी त्या मायदेशी परतल्या आणि 11 मार्च रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. पुढे महर्षी कर्व्यांशी विवाह होऊन त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सदन पुण्याला हलले. धर्मांतराच्या वादावरून 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. तरीही काम थांबले नाही. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली आणि बायका केडगावच्या मुक्ती सदनात आल्या, शिकल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

आणि मनोरमा? तीही शिकायला पुन्हा परदेशी गेली, पण तिथली होऊन राहिली नाही. परत येऊन आईच्या कामात तिचा उजवा हात झाली. 1921 मध्ये आईच्या आधी तिने जग सोडले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनीही डोळे मिटले.

दोन वर्षांच्या मुलीला बोटीवर घेताना पुढे काय होईल हे रमाबाईंना ठाऊक नव्हते. त्यातले काही निर्णय लेकीला जड गेले, काही समाजाला रुचले नाहीत. पण मूल कोणत्या देशात वाढते यापेक्षा ते कोणाला आपले मानते हे त्यांनी अधिक मोलाचे धरले, आणि त्यासाठी वाद घालायला त्या कचरल्या नाहीत. यंदा आरतीनंतर फोनवरची नातवंडे दिसतील, तेव्हा प्रसादाचे ताट दाखवण्याबरोबर मनोरमेची ही गोष्टही त्यांना मराठीतून सांगावी.