मद्रासहून मुंबईला गेलेले औषध

मुंबईच्या हाजी अलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्याचा धागा आपल्या या मद्रासशी जुळलेला आहे, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते.

मिलमालक उमर सोबानी यांच्या भगिनी फातिमा इस्माईल या स्वातंत्र्यलढ्यातल्या कार्यकर्त्या. त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. मद्रासचे अस्थिशल्यविशारद डॉ. किणी यांचे नाव ऐकून त्या मुलीला घेऊन इकडे आल्या आणि उपचारासाठी कित्येक महिने राहिल्या. पोलिओने गेलेली ताकद औषधाने परत येत नाही. उरलेले स्नायू रोजच्या व्यायामाने जपावे लागतात. आम्हा रेल्वेवाल्यांच्या भाषेत, रोजचा मेंटेनन्स! मुलीला गुण आला. पण ज्यांना मद्रासचे भाडेच परवडत नाही, त्या आईबापांनी काय करायचे?

१९४७ साली डॉ. बाळिगांनी चौपाटीवर दिलेल्या जागेत फातिमाबाईंनी अशा मुलांसाठी दवाखाना उघडला. पुढे संस्था हाजी अलीला गेली. बाईंजवळ डॉक्टरकीची पदवी नव्हती. मी स्वतः डिप्लोमावाला, म्हणून मला याचे विशेष अप्रूप! १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१७ साली हाजी अलीलाच संस्थेचे नवे बालरुग्णालय सुरू झाले.