आजाऱ्याच्या खाटेवरून

आमच्या खारेपाटणात आषाढ लागून अंगात ताप भरला की घरच्यांना पेजेची काळजी, आजाऱ्याला दिवस सरण्याची. अशा वेळी जुनं ‘संपूर्ण बाळकराम’ उशाशी येतं. ठकीच्या लग्नासाठी निघालेली बाळकराम-तिंबूनानांची स्वारी वाचता वाचता खोकला कुठला नि हसू कुठलं, कळेनासं होतं.

हे लेख राम गणेश गडकऱ्यांच्या धडधाकट दिवसांतले. खरं नवल पुढचं आहे. २६ मे १८८५ ला नवसारीत जन्मलेल्या या माणसाला क्षयानं गाठलं, तेव्हा तिशी नुकती उलटली होती. क्षयावर औषधच नव्हतं; स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते १९४३ साली. पुणं सोडून गडकरी नागपूरजवळ सावनेरला भावाच्या घरी आले. घरात पथ्यपाणी, वाढता ताप, आणि हाती ‘भावबंधन’. त्यात घनश्यामाच्या सूडाचं विष आहे. पण त्याच विषाशेजारी धुंडिराज नि कामण्णा प्रेक्षकांना पोट धरून हसवतात. चार वाक्यं बोलतानाही धाप लागावी अशा दुखण्यात हे विनोद सुचत होते! नाटक बळवंत संगीत मंडळीला द्यायचं होतं, हा व्यवहारही त्यामागे असणार. बँकेत हयात गेलेल्या माझ्यासारख्याला तो दिसतोच. पण कबूल केलं म्हणून कुणाला हसू पिकवता येत नाही.

जानेवारी १९१९ मध्ये नाटक पुरं झालं. काही दिवसांतच, २३ तारखेला, गडकरी गेले. वय अवघं तेहतीस. ‘राजसंन्यास’ अपुरंच राहिलं. ‘भावबंधन’ रंगभूमीवर आलं, दीनानाथ मंगेशकर लतिका झाले, चिंतामणराव कोल्हटकर घनश्याम, आणि कामण्णाला पाहून थिएटरं हसत राहिली.