हसण्यानं गणित चुकत नाही

मैत्रिणींनो, मोठ्या माणसानं चारचौघांत हसं केलं, की आपण गप्पच बसतो. म्हणून पारनेरच्या आमच्या मुलींना मी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची गोष्ट सांगते.

१९३० मध्ये, १९ व्या वर्षी, ते मुंबईहून बोटीनं इंग्लंडला निघाले. वाटेतच विझत्या ताऱ्यांचं गणित मांडलं. पुढे त्यातून निघालं, की सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जड गाभा स्वतःच्याच भारानं आकसत जातो. फारच जड असला तर त्याचं कृष्णविवर होतं. १९३५ मध्ये लंडनच्या सभेत एडिंग्टन यांनी थट्टा केली. चंद्रशेखर यांनी गणित सोडलं नाही.

१९८३ मध्ये नोबेल मिळालं. १९९५ मध्ये ते गेले. १९९९ मध्ये त्यांच्या नावाची ‘चंद्रा’ दुर्बीण अवकाशात गेली. कृष्णविवर दिसत नाही. पण मोरीतल्या पाण्यासारखा भोवती गरगरणारा वायू घासून लाखो अंश तापतो. त्याचे क्ष-किरण तिनं टिपले.

गणित बरोबर असेल, तर पोरींनो, मान खाली घालू नका.