डॉ. होमी भाभा

मुंबईच्या उत्तरेस समुद्रकिनारी तारापूर हे गाव आहे. भारतातील पहिले अणुविद्युत्केंद्र 1969 साली तेथे सुरू झाले. ज्यांनी त्याचा ध्यास घेतला, ते डॉ. होमी भाभा मात्र तो दिवस पाहण्यास उरले नव्हते.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईत एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. चित्रकला व संगीत यांची त्यांना फार गोडी होती. मुलाने अभियंता व्हावे, ही वडिलांची इच्छा. त्यासाठी ते 1927 साली केंब्रिजला गेले. पण मन पदार्थविज्ञानात रमले. तरीही वडिलांचा मान राखून त्यांनी आधी यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात दिली व मगच आवडता विषय हाती घेतला.

1939 साली ते सुटीसाठी स्वदेशी आले, तोच महायुद्ध पेटले. ते येथेच राहिले. 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांच्या पुढाकाराने निघाली. 1948 साली अणुशक्ती आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि 1956 साली मुंबईतील ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली.

गरीब देशाला ही महाग वीज कशास हवी, कोळशाची वीज स्वस्त पडते, असे काही अर्थशास्त्रज्ञ म्हणत. भाभांनी हिशेब मांडला. कोळशाच्या मोठ्या खाणी बंगाल-बिहारकडे. तेथून मुंबईपर्यंत कोळसा आणण्याचे रेल्वेभाडे भारी पडते. युरेनियम मात्र थोडेसेच पुरते. शिवाय केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम विपुल आहे. पुढेमागे त्यापासूनही वीज करता येईल, अशी त्यांची योजना होती.

24 जानेवारी 1966 रोजी आल्प्स पर्वतात विमान कोसळून त्यांचा अंत झाला. तेव्हा ते अवघे 56 वर्षांचे होते.

त्यांच्या सर्वच अपेक्षा फळास आल्या नाहीत. अणुविद्युत्केंद्रे उभारण्यास फार पैसा व फार वर्षे लागली. उलट त्यांच्या काळी अतिशय महाग असलेली सूर्यप्रकाशाची वीज पुढे स्वस्त झाली. 2025 सालच्या आरंभी देशातील सौर विजेची क्षमता 1 लक्ष मेगावॉटवर गेली. अणुविजेची 8 हजारांच्या आसपासच होती. परंतु सूर्य मावळतो, अणुभट्टी रात्रीही चालते. म्हणून हा वाद अद्याप मिटलेला नाही. तो सोडविणाऱ्यांनाही भाभांप्रमाणे देशाची गरज ओळखून नव्याने हिशेब मांडावा लागेल.